वाळक्या पानाचा पत्ता

अण्णा, तुमचं 'वाळकं पान' अजून आहे. आपल्या गावच्या वनरक्षक बाईंनी काल फोनवर नक्की सांगितलं. "सर, मी सोता बघितलं. मिटलं तर पाचोळा, उघडलं तर निळंशार. पन एकच हाय, अन् ते बी डांबरी रस्त्याच्या कडंला." डोंगरावरच्या माळाभोवतीची कारवी आता तोडायची आहे, पर्यटकांसाठी तंबू लावणाऱ्या तंबूवाल्यांच्या गाड्या लावायला. या फुलपाखराच्या अळ्या त्या कारवीवरच वाढतात. ते पूर्वीपासून नेमकं कुठे दिसायचं याची जुनी लेखी नोंद दाखवली तर तोड थांबेल, असं बाईंचं म्हणणं. "गुर्जींची वही हाय ना तुमच्याकडं?"

आहे ना. सावेडीच्या फ्लॅटमध्ये सकाळपासून तीच घेऊन बसलोय. तारीख आहे, ऊन-पाऊस आहे, पंखावरचा नारिंगी पट्टा केवढा रुंद तेही आहे. आणि जागा? 'नेहमीच्या जागी.' पानामागून पान, 'नेहमीच्या जागी.' अण्णा, पोरांनी निबंधात गावाचं नाव लिहिलं नाही तर तुम्ही वही भिरकावून द्यायचात. माझा जन्म वर्तमानपत्रात गेला. 'कुठे' नसलेली बातमी मी त्याच पावली परत पाठवायचो. तुमची कुणाकडे पाठवू?

एकदा विचारलंही होतं. नोकरी लागल्यावर मी दिवाळीला आलोय, तुम्ही फुलपाखरांना घालायला सडकी केळी पिशवीत भरताय, आणि आई चुलीपुढून बोलतेय, "घरात पोरं केळ्याला महाग, अन् ह्यांचा पाकुळ्यांना पाहुणचार." जागा का लिहीत नाही म्हटलं, तर तुम्ही मलाच झापलंत. "अन् वही कुणाच्या हाती लागली मंग? बरणीत भरून न्हेतील. जागा पायानं ध्यानात ठेवायची असती. चल." माणूस गेल्यावर त्याचे पाय कुणी विचारायचे, हे तुम्हाला सुचलं नाही, आणि मलाही नाही.

सोमवारी वनखात्याचे साहेब, तंबूवाले, बाई, सगळे माळावर जमणार आहेत. वहीत जागा नाही हे मी बाईंना सांगितलेलं नाही. "वही कशाला, मीच चालत दाखवतो," असं बोलून बसलोय. खरं सांगायचं तर त्या दिवाळीत, नवी चप्पल चावते म्हणून, मी अर्ध्या चढावर खडकावर बसून राहिलो आणि तुम्ही एकटेच पुढे गेलात. सोमवारी त्या खडकापर्यंत मी सगळ्यांना बरोबर नेईन. तिथून डावीकडे की उजवीकडे, हे मी मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं.