घरी नातू, देवळात पाळक

धाकट्या, तुझ्या थोरलीचा प्रभूमध्ये सलाम.

तुला एक बहीण आहे आणि ती अजून जिवंत आहे, एवढं आठवत असेल तर पुढे वाच. सांगतेय मी, लिहितेय नातसून. तुझा खोकला थांबला का?

आपला नातू इथल्या मंडळीचा पाळक झाला! ज्याचं नाक मी पदराने पुसलं, तो झगा घालून आत आला आणि सगळं देऊळ उठून उभं राहिलं. मीही उठले. त्याने हळूच खूण केली, "आजी, तू बस." बसते कशाला? घरी तो नातू, तिथे माझा पाळक. गुडघे बरे आहेत, काळजी करू नकोस.

उपासना संपल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "आजी, मामीआजीशी बोलणं कधीपासून बंद आहे? प्रभुभोजनाला येण्याआधी समेट कर."

मी विचारलं, "हे नातू सांगतोय की पाळक?"

"पाळक."

नातू असता तर कान पिळला असता. पण स्वतःच्या आजीलाही सोडत नाही, असा पाळक कुठल्या मंडळीला मिळतो? मान खाली घातली, पण छाती फुगली होती.

तेव्हा तुझ्या बायकोला माझा सलाम सांग. लग्नातल्या मानपानाचं भांडण मी सोडलं. चूक माझी नव्हती, पण पाळकाचा शब्द मोडणार नाही.

तुझी थोरली

ता. क. तिच्या हातचं खाणार नाही म्हणाले होते ना? मग तिनेच घातलेलं लिंबाचं लोणचं पाठव. डॉक्टर ओरडतात, म्हणून मीठ कमी घाल म्हणावं. बरणी मात्र मोठी हवी.