आधी लिहिलेले आकडे

४ नोव्हेंबर १९९६
पोचले. वसईहून भुईगावची एसटी लगेच मिळाली. बाबा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन थेट बंगल्याच्या फाटकापर्यंत आले, वाटेत भेटेल त्याला सांगत की पोरगी डॉक्टरांकडे कामाला लागली. मला हसू आवरेना. आमच्या खाडीकाठच्या गावात मानसशास्त्राची पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि नोकरीही त्याच विषयातली. डॉ. हेर्लेकर प्राध्यापक होते. त्यांचं मोठं पुस्तक टाइप करायचं, राहणं-जेवण इथेच. खिडकीतून केळीची बाग दिसते, पलीकडे सुरूची झाडं आणि समुद्र. स्वयंपाकाला पापडी गावच्या कार्मिनबाय आहेत, साठीच्या असाव्यात. त्यांनी माझं नाव तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी जिजा सांगितलं.

७ नोव्हेंबर
पुस्तक वंश आणि बुद्धी यांवर आहे. कोणत्या जमातीला जन्मतः किती अक्कल, हे डोक्याच्या मापावरून. कॉलेजात आम्हाला हे विज्ञान नव्हे असंच शिकवलं होतं. मी भीतभीत तसं म्हटलं. डॉक्टर हसले. विद्यापीठानेही हेच सांगून त्यांना काढलं म्हणे. त्यांनी मोजलेली माणसं मुळात नव्हतीच, आकडे घरी बसून लिहिले, असा ठपका होता. ते काही लपवत नाहीत, याचं मला बरं वाटलं. रोज अकराला ते स्वतः आवळ्याचं सरबत करून आणतात. जरा कडवट असतं.

११ नोव्हेंबर
आज माझी चाचणी. लोखंडी चिमट्याने डोकं मोजलं, मग कोडी घातली. बोलता बोलता मी 'पानी' म्हणाले, तेही त्यांनी टिपून घेतलं. घरी आम्ही तसंच बोलतो, त्यात टिपण्यासारखं काय? गुण ११०. सुरुवातीला असेच पडतात, म्हणाले.

१९ नोव्हेंबर
गुण ८८. साधी बेरीज चुकली. टाइप करताना अक्षरं गळतात. रविवारी घरी जायचं होतं, गेले नाही. बाबांना काय तोंड दाखवू? शाळेत कुणी म्हणालं, तुमच्या लोकांना कशाला हवं शिक्षण, की मी भांडायचे. आज ते आठवलं आणि राग आला नाही. वाटलं, खरंच असेल.

२३ नोव्हेंबर
डॉक्टर फिरायला गेले होते. संदर्भ शोधायला कपाट उघडलं तर आत कार्डं. एक कार्मिनबायचं. गणिताची शिक्षिका, वय ४१, तीन वर्षांपूर्वी मजकूर तपासायला आलेली. गुण ११२, ९०, ६१, ३४. म्हणजे आज चव्वेचाळीस. मी त्यांना साठीच्या समजत होते.
त्याखाली माझं. डिसेंबरअखेरपर्यंतचे गुण शाईने लिहून ठेवलेले. तारीख मी आले त्याच्या आदल्या दिवशीची. १९ नोव्हेंबरपुढे ८८.

२४ नोव्हेंबर
कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. ते रागावले नाहीत.
"आकडे खोटे होते म्हणून त्यांनी मला हाकललं," डॉक्टर म्हणाले. "आता एकेक खरा करतोय."
मग ग्लास रिकामा होईपर्यंत दारात उभे राहिले. मी प्यायले. का प्यायले?

२८ नोव्हेंबर
कार्मिनबायने मोरीपाशी माझं मनगट धरलं. "सरबत पिऊ नको गो पोरी," म्हणाल्या. मी कारण विचारलं, तोवर त्या स्वतःच विसरल्या काय म्हणाल्या ते. सरबत केळीच्या बुंध्यात ओतलं. दुपारी आमटीच कडवट लागली.

१ डिसेंबर
फाटक उघडंच असतं. निघाले. गल्लीत पोचल्यावर एसटी कुठल्या बाजूला ते कळेना. शेजारच्या ज्युलियसभाऊंनी हाताला धरून परत आणलं. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, ही माझी रुग्ण आहे. भाऊ फार मायेने वागले. मी ओरडले तर म्हणाले, हो हो, बाय.

७ डिसेंबर
गुण ६१. कार्डावर ६१.
सातचा पाढा पस्तीसपर्यंत. पुढे —

१५ डिसेंबर
वहीतली मागची पानं वाचली. कुणीतरी हुशार मुलगी होती. रडू आलं.
कार्मिनबायने वही तांदळाच्या डब्यात लपवली. मग कुठे ठेवली ते — तीन दिवस शोधली.

२२
बोलताना शब्द येत नाही. लिहिताना थोडा येतो. हळू.

२९
बाबा आले. ओळखलं मी. तोंडातून नुसता आवाज.
ओट्यावर बसलेत. डॉक्टर त्यांना सांगतायत, जयराम, तुमच्या रक्तातच आहे हे, शिक्षणाचा ताण सोसत नाही, तिला इथेच राहू द्या. बाबा मान हलवतायत. हो म्हणतायत. डोळे पुसतायत —
हो म्हणू नका
बाबा अक्षर लावून वाचतात. मोठं लिहायला हवं
उठले. चपला घालतायत —
बाबा रक्तात नाही. सरबतात आहे. आमटीत. मला घेऊन च