कपड्यांसकट आंघोळ

४ जून
आजही मुलाने देवाचा विषय उडवून लावला. मी गेल्यावर या घरात देवाचं नाव कोण घेणार? नातीला, भिंगरीला, निदान एवढं तरी कळायला हवं की वर कोणीतरी आहे. सहा वर्षांची आहे. माझ्या बापाने मला याच वयात सांगितलं.

५ जून
भिंगरीने बिस्किटं खाल्ली आणि म्हणे मी नाही. तोंडाला चुरा! सांगून टाकलं — देव सगळं बघतो. भिंत, दार, अंधार, काही आड येत नाही. तिने विचारलं, सुईत दोरा ओवताना तुम्हाला लागतो तसा त्याला चष्मा लागतो का? म्हटलं, नाही. मग वर छताकडे बघत बसली. रुजलं! आज दोन घास जास्त गेले.

९ जून
घात झाला. पोर चार दिवस फ्रॉक घालून आंघोळ करते आहे. ओल्या कपड्यांचा बोळा सूनबाईला पलंगाखाली सापडला. विचारलं तर म्हणाली, तो बघतो ना. सूनबाईने माझ्याकडे पाठ फिरवली. नुसती फ्रॉक पिळत राहिली. मुलगा गॅरेजमधून आला तो ग्रीसचे हात न धुताच माझ्यासमोर उभा राहिला.

"मीसुद्धा दिवा बंद करून आंघोळ करायचो, बाबा. लग्न होईपर्यंत. कळलं कधी तुम्हाला?"

नाही कळलं.

दुसरी खोली बघतो म्हणाला. भिंगरीला इथे ठेवणार नाही.

१० जून
देवा, चुकलं म्हणावं तर तू खोटा ठरतोस. नाही म्हणावं तर पोर जाते. काय करू? — सांग ना काहीतरी!

११ जून
खोली ठरली. मुलाच्या विनवण्या केल्या, मान वर केली नाही त्याने. नंतर भिंगरी माझ्या कानाशी आली.

"आजोबा, रडू नका. मी त्याला सांगितलं, आंघोळ चालू असली की तिकडे तोंड कर. तो हो म्हणाला."

"तुझ्याशी बोलला?"

"मग! तुमच्याशी नाही बोलत?"

१५ जून
सामानाचा टेम्पो गेला. घरात मी एकटा. आंघोळीला कमरेचा टॉवेल सोडून खुंटीला लावला. बापाने सांगितल्यापासून पहिल्यांदा. वर तोंड करून हाक मारली. कोणी बघत नव्हतं.