काच अगदी स्वच्छ झाली आहे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार, आणि त्यातला अर्धा वहिनीला. आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे माझी कंबर, ह्यांचा रक्तदाब आणि बाबांचे डोळे सोडले तर बरे आहोत; आणि तेवढं सोडलं तर घरात उरतं काय, असा प्रश्न तुला पडला असेल तर तो मलाही पडतो. तुझा गुडघा कसा आहे? (वहिनी म्हणत होती की तू हल्ली जिना पाठमोरा उतरतोस. शेजारपाजारचे काय म्हणत असतील?) पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. दर रविवारी फोन होतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोन बाबांच्या पलंगाशेजारी आहे, आणि नजर अधू झाल्यापासून त्यांचे कान इतके तिखट झाले आहेत की मी बाथरूममध्ये पुटपुटले तरी बाहेरून उत्तर येतं. मोबाइल घेऊन गच्चीत गेले तर परत आल्यावर विचारतात, "वर कुणाशी बोलत होतीस?" ह्या घरात चोरून बोलायला आता कागद एवढीच जागा राहिली आहे.

बाबांच्या डोळ्यांचं आधी सांगते. त्यांची नजर मधून विझत चालली आहे. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. परवा मला म्हणाले, "तुझे दोन्ही कान दिसतात, मधे तोंड नाही." मग म्हणाले, "तसं बरंच आहे." डॉक्टरांच्या मते उपाय काही नाही. त्यांनी ते इतक्या गोड आवाजात सांगितलं की ह्यांनी उठून त्यांचे आभार मानले. घरी येताना बाबा एवढंच म्हणाले की रिक्षाची समोरची काच उजवीकडून सैल आहे, खडखडते आहे. रिक्षावाल्याने मान हलवली. खरोखरच सैल होती.

तर ते विमान. तुला आठवत असेल, हँगरमध्ये बाबा ज्याच्या काचा बसवायचे ते, दोन माणसांचं, शिकाऊ वैमानिकांचं, बेडकासारख्या डोक्याचं. ती विमानं केव्हाच भंगारात गेली. दुकानात त्याच्या मॉडेलचा तयार संचही मिळत नाही, कारण बाबा सोडले तर त्या विमानावर कुणाचा जीव नव्हता. (त्यात बसणाऱ्यांचा तर मुळीच नव्हता, असं ते स्वतःच सांगतात.) म्हणून त्यांनी ते मॉडेल मुळापासून करायला घेतलं होतं, प्लॅस्टिकचे पत्रे कापून आणि लाकडाचे तुकडे घासून. हातभर लांब. पंख झाले, शेपटी झाली, चाकं झाली, आत खुर्च्यांना कागदाच्या पट्ट्यांचे पट्टेसुद्धा झाले. राहिली फक्त वैमानिकांच्या डोक्यावरची घुमटासारखी काच, आणि नेमके तेव्हाच डोळे गेले. उभा जन्म काचा बसवण्यात घालवलेल्या माणसाची काचच राहावी! बाबांनी नशिबाला बोल लावला नाही की आदळआपट केली नाही. एका सकाळी विमान उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "उरलेलं तू कर." दादा, ह्या माणसाने मला आजवर हातोडीसुद्धा दिली नव्हती. लहानपणी तू कानस चालवायचास आणि मी टॉर्च धरायचे, आणि टॉर्च हलतो म्हणून बोलणी खायचे. त्यामुळे मांडीवर विमान आलं तेव्हा मला आनंद नाही झाला, धडकीच भरली. आता बाबांना दुसरं कुणी उरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पद्धत ऐकायला सोपी आहे. काचेच्या आकाराचा लाकडी ठोकळा कोरायचा. पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पत्रा चौकटीवर चिमट्यांनी ताणायचा, ओव्हनमध्ये तापवायचा, झोळीसारखा लोंबायला लागला की बाहेर काढून एका दमात ठोकळ्यावर दाबायचा. गार झाला की झाली काच. दिवसभर पाणी खात्यात तक्रारींचा फोन उचलून "उद्या स्वच्छ येईल" असं सांगणाऱ्या बाईला हे कितपत जमणार, ते तूच समज. पहिली काच निघाली तिच्यावर लाकडाची रेघन्‌रेघ उमटली होती. आतल्या वैमानिकाला बारमाही पाऊस दिसला असता. बाबांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ठोकळ्याला लांबी भरली नाहीस का?" मला वाटलं, लांबीला कमी पडला. मी दुसरा ठोकळा बोटभर लांब कोरला. त्यात आठवडा गेला आणि अंगठा कापला. तो ठोकळा हातात घेऊन बाबा पुष्कळ वेळ चाचपत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "लांबी म्हणजे पुट्टी गं. रंगारी भिंतीला भरतात ती." (रागावले असते तर बरं वाटलं असतं. आवाज हळू काढला की मला ते दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांसारखे वाटतात.)

लांबी भरली, घासली, ठोकळा आरशासारखा केला. आता ओव्हनने दगा दिला. ओव्हन तसा ह्यांचा. नोकरी सुटल्यापासून हे पाव भाजायला शिकले आहेत, आणि त्यांच्या आयुष्यात सध्या ती एकच गोष्ट फुगते आहे. पत्रा आत ठेवला आणि नेमकं दार वाजलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, नळाला गढूळ पाणी येतं म्हणून. मी पाणी खात्यात आहे हे कळल्यापासून त्या बाटली भरून घेऊन येतात. त्यांना "उद्या स्वच्छ येईल" म्हणून आत येते तो पत्रा जाळीतून खाली ओघळलेला आणि स्वयंपाकघर धुराने भरलेलं. नंतर कितीतरी दिवस पावाला प्लॅस्टिकचा वास यायचा. हे मुकाट्याने खात होते. ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, घराला आग लागली तरी आधी चपला शोधतील. मी विचारलं, "वास येतो का हो?" तर म्हणाले, "कसला?" आणि पाणी प्यायले.

मग बाबा म्हणाले, दाबून होत नसेल तर ओढून कर. म्हणजे एका खोक्याला वरून बारीक भोकं पाडायची, त्यावर ठोकळा ठेवायचा, बाजूने घर झाडायच्या व्हॅक्यूमची नळी लावायची आणि तापलेला पत्रा वर टाकला की हवेने तो खाली ओढला जातो. सगळं बरोबर केलं, फक्त नळी चुकीच्या तोंडाला लावली. पत्रा खाली ओढला जायच्या ऐवजी फुग्यासारखा वर आला आणि घरातली वर्षभराची धूळ त्याच्या पोटात कायमची जाऊन बसली. पलंगावरून बाबा, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." "मग खोकतेस का?" त्या दिवशी मी मोरीजवळ पाटावर बसून रडले, दादा. धुळीने डोळे चुरचुरत होते म्हणून कुणाला कळलं नाही, तेवढी ती धूळ उपयोगी पडली.

शेवटी तळमजल्यावरचे दातवाले कामाला आले. खेळाडूंच्या दातांवर बसवायची कवचं करायला त्यांच्याकडे एक छोटं यंत्र आहे, तेही पत्रा तापवून खाली ओढतं. खाली गेले तर टेबलावरची मुलगी म्हणाली, पेशंटचं वय? मी म्हटलं, पेशंट नाही, ठोकळा आहे, आणि पिशवीतून काढून दाखवला. बाकावर गाल धरून बसलेले एक गृहस्थ उठून लांबच्या बाकावर जाऊन बसले. पण दातवाल्यांचा चेहरा एकदम खुलला. बिचारे रोज किडलेलं बघतात. त्यांनी हात धुतले, हातमोजे घातले, यंत्र लावलं. काच निघाली ती मी उजेडात धरली, तर मला माझा हातच दिसला, काच दिसलीच नाही. बाबा म्हणायचे ना, काच चांगली झाली की कुणाला दिसत नाही, वाईट झाली की सगळ्यांना दिसते, म्हणून आपलं काम आजवर कुणी पाहिलेलं नाही. मी ती रुमालात गुंडाळून जिना चढले तेव्हा कंबर दुखत नव्हती.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण काच बसवायची राहिली होती. बाबांनी बजावलं होतं, पांढरा गोंद लाव, सुकायला वेळ लागला तरी थांब, झटपट चिकटणारा गोंद काचेच्या आसपाससुद्धा आणू नकोस, त्याची वाफ काचेवर बसते. मी पांढरा गोंद लावला. सगळीकडे बसली, फक्त मागची कड उचलून येत होती. दाबली की बसायची, सोडली की उठायची. मी दाबत राहिले, बोटं आखडली, तिकडे ऑफिसला उशीर होत होता. एकच थेंब लावला, दादा. टाचणीच्या टोकाने. घट्ट बसली. संध्याकाळी घरी येऊन पाहते तर काच आतून पांढरी झालेली, दुधावर साय धरावी तशी. खुर्च्या नाहीत, पट्टे नाहीत, काही दिसत नाही. बाहेरून पुसून काय उपयोग, साय आत! दातवाले दुसरी करून द्यायला तयार आहेत, पण ही उचकटायची तर मोडावी लागेल, तिच्याबरोबर बाबांनी घासलेली विमानाची मानही तुटेल, आणि ती तुटल्याचा आवाज बाबांना ऐकू जाईल.

मी विमान हातात घेऊन उभी होते तेव्हाच त्यांनी हाक मारली.

"झालं का गं?"

"झालं."

"स्वच्छ आहे?"

"पाण्यासारखी."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी विमान दिलं. त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, मागच्या कडेवर जरा थांबवला, मग विमान खिडकीकडे धरून मान तिरकी केली, कडेच्या नजरेने काही दिसतं का बघायला. मग ते चेहऱ्याजवळ नेलं. मला वाटलं, आता बोलतील. तर विमान मांडीवर ठेवून म्हणाले, "छान झालीय. माझ्याच्यानेही ह्याहून बरी झाली नसती." दादा, आठवून बघ, बाबा असं कधी कुणाला म्हणाले आहेत? तुला म्हणाले आहेत? मी आत जाऊन कणीक मळायला घेतली, आणि इतकी मळली की हे येऊन म्हणाले, पुरे.

तेव्हापासून विमान त्यांच्याकडेच असतं. दुपारभर मांडीवर घेऊन बसतात. कुणी आलं की सांगतात, "काच पोरीने केलीय." आलेला माणूस काचेकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. मी मागे उभी राहून हात जोडते, आणि तो म्हणतो, "वा." तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर दोनदा "वा" म्हटलं, तेव्हापासून त्यांची बाटली मला रोज खात्यात घेऊन जावी लागते.

गुडघ्याला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा नवा पत्रा, चांगला गोंद असलं काही आणू नकोस. पिशवीतून काढलंस की बाबा हात लावतील आणि कशासाठी म्हणून विचारतील.

आणखी ता. क. खरं म्हणजे एवढं लिहिलं ते ह्यासाठी. तू आलास की ते विमान तुझ्या हातात देतील. लोकांच्या "वा"वर त्यांची भिस्त नाही, तुझ्या डोळ्यांवर आहे. तेव्हा तू फक्त "काच अगदी स्वच्छ झाली आहे" एवढं म्हण आणि गप्प राहा. वर्णन करू नकोस. खोटं बोलताना तू पाल्हाळ लावतोस आणि पकडला जातोस. एवढं माझ्यासाठी कर. त्यांनी आयुष्यात एकदा मला चांगलं म्हटलं आहे, ते मला परत द्यायचं नाही.

दादा, नमस्कार. हे खालचं मी लिहितो आहे. पाकीट चिकटवून टाकायला माझ्याकडे दिलं होतं. वाचलं नाही असं म्हणत नाही. काल ही ऑफिसात असताना मी बाबांची दाढी करत होतो. साबण लावलेला असतानाच म्हणाले, "जावईबापू, आमच्या थोरल्याला कळवा. काच धुरकटली आहे. झटपट गोंदाचा वास मला त्या संध्याकाळीच आला. पण पोरगी खूप राबली आहे, तिला कळू द्यायचं नाही. तो आला की त्याने ती हातात घेऊन तिच्यासमोर, मोठ्याने म्हणायचं की काच अगदी स्वच्छ झाली आहे." मी बरं म्हटलं आणि उरलेला गाल केला. तेव्हा आल्यावर तुम्ही कोणासाठी बोलायचं ते तुम्ही ठरवा. वाक्य एकच आहे. पाकिटाला मी पांढरा गोंद लावला आहे, सुकायला वेळ लागतो आहे, म्हणून पत्र उद्या टाकीन.