हात लावून बघा

४ सप्टेंबर १९९४, रविवार

आज बोईसरला उतरलो. रामकिसनदादा फलाटावर घ्यायला आला होता. गंगाखेडहून निघताना आई रडली, मी नाही रडलो. गावात रिकामा फिरून चपला झिजल्या होत्या, आता कंपनीत लागणार म्हणून उड्या माराव्या वाटत होत्या. दादा आमच्याच गल्लीतला. रंगाच्या कंपनीत त्याला पाच वर्षं झाली, त्याच्या शब्दावर मला घेतलं. नाहीतर सहावी नापासाला कोण विचारतं? ही वही पण त्यानंच दिली. म्हणाला, रोज चार ओळी लिही मारुती, अक्षर सुधारलं तर सुपरवायझर होशील लेका.

खोली बेटेगावात आहे. घर जिवल्याचं, तो अन् त्याची बायको बुधी मागच्या झोपडीत राहतात. मध्ये कूड घालून दोन खोल्या केल्यात. कूड म्हणजे कारवीच्या काड्या अन् वर शेणमाती. अलीकडं मी, पलीकडं दादा अन् सुगंधावहिनी. जेवण त्यांच्याकडंच. भाकरी अन् ठेचा, अगदी गावची चव. वहिनींनी विचारलं, भाऊजी, येताना आमच्या आईचं घर दिसलं का, दार उघडं होतं का? मी म्हणलं, गाडी काय तुमच्या आईच्या दारावरून जाती? त्या लई हसल्या. दादा हसला नाही.

११ सप्टेंबर

रात्रपाळी मिळाली. दिवसा झोपायचं, जमतंय. मी पिवळ्या खात्यात, दादा निळ्या. माझे हात कोपरापर्यंत पिवळे झालेत. साबणानं काही होत नाही, घासलेट लावलं तर निघतं. जिवल्या मला हाक मारतो, ए हळदीच्या नवऱ्या, नवरी कुठं हाय रं तुझी?

आज वहिनींच्या गालावर चार निळी बोटं दिसली. मी चेष्टा केली, दादाचा रंग लागला वाटतं. त्या म्हणाल्या, हो, लवकर जात नाही. पदर ओढून घेतला. दंडावर पण होता, कडेनं पिवळा पडलेला. दादाच्या खात्यात पिवळा रंग नसतो. लागला असेल कुठून तरी.

२४ सप्टेंबर

सुरतेत प्लेग निघाला. स्टेशनात सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. गुजरातकडून आलेली गाडी उभी राहिली की माणसं फलाट सोडून पळतात. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानात उरल्या नाहीत, दादानं कुठून तरी एक पाकीट आणलं. कंत्राटदार म्हणाला, पुढचं कळेपर्यंत येऊ नका. दादा आता दिवसभर घरात.

पाड्याची बैठक बसली. बुधी म्हणाली, देवीचा रोग आला तवा आमी राखेची रेघ ओढायचो दारात. आतल्यानं बाहेर यायचं नाय, बाहेरच्यानं आत जायचं नाय. अन् ज्यानं ओढली त्यानंच पुसायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाय. आता चुन्याची ओढायची ठरली.

२६ सप्टेंबर

दादा मुरब्याला मासळी आणायला गेला होता. वहिनी कुडातून बोलल्या. कुडाची माती पडून तिथं मुठीएवढं भोक झालंय. परवा दादानं त्यांचं डोकं आपटलं ती हीच जागा. मला ते आवाजावरनं कळलं होतं. तेव्हा लिहिलं नाही.

त्यांना भावाला पत्र लिहून हवं होतं. मला येऊन घेऊन जा, नाहीतर मी काही दसरा बघत नाही, एवढंच लिहा म्हणाल्या. लिहिलं. अक्षर छान आलं. कुणाला सांगू नका भाऊजी, असं तीनदा म्हणाल्या.

२७ सप्टेंबर

पत्र टाकायला निघालो होतो. वाटेत वाटलं, दादाच्या घरातली गोष्ट, त्याला न विचारता टाकणं बरं नाही. त्याच्यामुळंच मी इथं आहे. परत फिरलो अन् दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, अक्षर सुधारलं की रे.

दुपारभर कूड हलत होता. मी कानात कापसाचे बोळे घालून झोपलो.

२८ सप्टेंबर

सकाळी दादा ओरडतच बाहेर आला. बायकोला ताप भरलाय, अंगावर काळं उठलंय! बुधीनं दारातून डोकावलं. गळा, दंड, पाठ, सगळं काळंनिळं. पाडा दहा पावलं मागं सरला.

तो प्लेग नव्हता, मला माहीत होतं. तोंडात शब्द आला होता. दादानं माझ्याकडं बघितलं अन् चुन्याचा डबा माझ्या हातात दिला. तू ओढ म्हणाला, तू घरचा.

ओढली. सरळ आली.

दादा म्हणाला, दवाखान्यात कळवलं तर सगळा पाडा बंद करतील, मी गोळ्या घेतल्यात, मी एकटाच आत जाऊन तिचं करीन. लोक म्हणाले, नवरा असावा तर असा.

३० सप्टेंबर

दादा दोन वेळा पेज घेऊन आत जातो. दार लावून घेतो. मग वहिनी ओरडतात. जिवल्या म्हणतो, ताप डोक्यात गेला बाईच्या.

दुपारी भोकातून हात आला. तीन हिरव्या बांगड्या, बाकीच्या फुटलेल्या. भाऊजी, मला ताप नाही. हात लावून बघा. तुम्ही ओढली, तुम्हीच पुसा.

मला वाटलं, खरंच प्लेग असला तर? काठीनं हात मागं ढकलायला गेलो. तिनं माझं मनगट धरलं. थोडाच वेळ.

हात गार होता. ताप नव्हता.

तरी मी हिसका देऊन सोडवला, काठीनं आत लोटला. शेणमाती कालवली. दोन थर दिले. बोटांनी नीट थापून.

२ ऑक्टोबर

वहिनी गेल्या. चादरीत गुंडाळून, वर चुना टाकून लगेच जाळलं. तोंड कुणी बघितलं नाही. दादा रडला. लई रडला.

रेघ पुसायला वाकलो तर म्हणाला, राहू दे आता. पुसली नाही.

३ ऑक्टोबर

मनगटावर पाच बोटं उठलीत. निळी. घासलेटनं जात नाहीत. मी पिवळ्या खात्यातला —

दुपारी पलीकडं बांगड्या वाजल्या. दादा तर बाहेर बिडी ओढत बसला होता.

बुजवलेलं अजून ओलं आहे. तीन दिवस कडक ऊन पडतंय, तरी.

४ ऑक्टोबर

दादाला म्हणलं, मी जिवल्याला सगळं सांगणार. तो चिडला नाही. माझा हात धरून अंगणात नेलं, मनगट वर करून सगळ्यांना दाखवलं. ह्याला पण उठलं!

मी ओरडत होतो, रंग आहे, रंग. बुधी म्हणाली, तिचं पण असंच होतं. मागं सरले सगळे. जिवल्या सुद्धा.

रेघ दादानं ओढली. कडी बाहेरून. दादाच पेज आणणार आहे. दोन वेळा. दार लावून घेऊन.

५ ऑक्टोबर

काल आला होता. बरगडीत — श्वास घेता येत नाही. ओरडलो. बाहेर जिवल्या म्हणत होता, ताप डोक्यात गेला पोराच्या.

दुपार

दादा बोईसरला गेला. फटीतून बघितलं. जाताना त्यानं पलीकडच्या दाराला कुलूप घातलं.

माती आपोआप पडली. भोक मोकळं.

पलीकडं कुणीतरी झाडतंय. बुधी असेल, मागून आली असेल — उजवा हात घातला कोपरापर्यंत. म्हणलं, बुधीमावशी, मला ताप नाही. हात लावून बघा.

धरला. हळूच. गार आहे.

बांगड्या —

सुटत नाही. वही मांडीवर आहे, डाव्या हातानं लिहितोय. पाय कुडाला लावून ओढलं. सुटत नाही. पलीकडं शेणाचा वास येतोय. पाणी ओतल्याचा आवाज. माती कालवतंय कुणीतरी.

वहिनी, मी पुसतो, आत्ता पुसतो, सोडा —

पहिला थर कोपराला लागला. ओला. बोटांनी थापतायत, नीट, कडेकडेनं — मी थापलं होतं तसंच — आता दुसरा थ