जाळाकडे पाठ

नशिराबाद,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षास, नानाचा जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं नवरा-बायको ठणठणीत आहोत, त्यामुळे रागवायला अंगात भरपूर ताकद आहे. फोनवर मला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर माझं जाडं बोट एक अक्षर दाबायला जातं नि तीन उमटतात. म्हणून हा राग पोस्टानं पाठवतोय. जपून उघड.

शेजारचा संघपाल कामासाठी धुळ्याला गेला होता. तू शिकवतेस त्या कॉलेजच्या हॉलमध्ये तुझी चित्रं लागली आहेत, आपल्या गावची पोरगी, म्हणून कौतुकानं आत शिरला. परत आल्यावर ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. तो सांगत होता आणि तुझी मोठी आई नेहमीसारखी माझ्यासमोर बसून, ओठांनी नि हातांनी एकेक शब्द मला पोचवत होती. भरीत पार्टीचं मोठं चित्र आहे म्हणे. जाळाभोवती अकरा जण, कुणालाच नाक-डोळे नाहीत, नुसते रंगाचे आकार. दहा जण जाळाकडे तोंड करून बसलेले आणि अकरावा जाळाकडे पाठ फिरवून. संघपालनं लगेच ओळखलं, हे तर आपले बहिरे नाना!

अगं, तीस वर्षं कापसाच्या जिनिंगच्या खडखडत्या मशिनवर काढली, कान तिथंच गेले. पण त्यापायी मी कधी कुणासमोर तोंड पाडून बसलो नाही. आणि तू माझं बहिरेपण भिंतीला टांगलंस? पुढच्या महिन्यात ते जळगावला लागणार. तिथं माझे निम्मे सोयरे राहतात. ते चित्र उतरव, नाहीतर या घराची पायरी चढू नकोस.

राग ओसरेपर्यंत नुसताच काका,
वाल्मीक


धुळे,
३० नोव्हेंबर २०२४

ती. नानांना समीक्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा तुमच्या जाड्या बोटावर हसू आलं. आता स्पष्ट सांगते, चित्र उतरवणार नाही.

नाना, ही विद्या मला कुणी शिकवली? चौथीत होते मी. तुमचे कान नुकते गेले होते. जळगावच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना तुम्ही मला लोकांच्या पाठी दाखवायचात. कोण कुणावर रुसलंय, कुणाचं नवं लग्न झालंय, कोणती सून माहेरी निघालीय, हे तोंड न बघता ओळखायचं. मी आजही धुळ्याच्या स्टँडवर वही घेऊन तेच करते. आधी सगळे चेहरे नीट काढते, अगदी भुवयांसकट. मग फडक्यानं पुसून टाकते. चेहरा दिसला की लोक फक्त चेहराच बघतात. तो गेला की मान, खांदे आणि दोन माणसांमधली जागा बोलायला लागते. गेली अकरा वर्षं मी हेच काम करते आहे आणि ते मला चांगलं जमतं, हे सांगायला मी लाजणार नाही.

संघपालभाऊंवर माझा राग नाही. पण ते घाईत होते. त्या जाळाकडे पाठ केलेल्या माणसाचं नाव मी सांगणार नाही, माझ्या गुरूनं स्वतः ओळखावं. १५ तारखेच्या रविवारी मोठ्या आईला घेऊन जळगावला या. बघूनही तुमचं म्हणणं तेच राहिलं, तर तिथल्या तिथं मी माझ्या हातानं चित्र उतरवीन. का म्हणून विचारणारही नाही. पण न बघताच निकाल देऊन मोकळं होणं तुम्हाला शोभत नाही.

राग करा, पण या,
समीक्षा


नशिराबाद,
१८ डिसेंबर २०२४

चि. समीक्षास जय भीम. वि. वि.

रविवारी तुझ्याशी धड बोललो नाही. इस्त्रीचा शर्ट घालून भांडायला आलो होतो आणि मुका होऊन परत गेलो.

त्या अकराव्यात मी आधी स्वतःला शोधलं. खांदे माझे नव्हते. मान अर्धी वळलेली, एक हात हवेत उचललेला. त्या हाताच्या समोर कोण बसलंय म्हणून बघितलं, तर एक जाडजूड गडी. जाळ त्याच्या तोंडावर, सगळी मंडळी त्याच्या नजरेसमोर. अगं, तो मी! मी तर मजेत बसलोय. आणि माझ्यासाठी जाळाकडे, गरम वांग्यांकडे, सख्ख्या बहिणींकडे पाठ करून बसलीय ती तुझी मोठी आई. चोवीस वर्षं ती अशीच बसली. लोक मला बिचारा म्हणत आले आणि मीही ते खरं मानलं.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याच वेळी ती शेजारी उभी राहून खुणेनं मला विचारत होती, यात मी कुठं आहे. मी माहीत नाही म्हणालो. नळावर जाऊन तोंड धुतलं. डोळ्यात काय गेलं असं तू विचारलंस, तेव्हा कचरा म्हणालो. खोटं बोललो. मला फार लाज वाटली, पोरी.

चित्र हलवायचं नाही. कुणी हात लावलाच तर मला कळव, मी येतो. या रविवारी पाचोऱ्याला तुझ्या मोठ्या आईच्या भावाच्या, प्रेमराजच्या मळ्यात भरीत पार्टी आहे. तिथं मला एक काम उरकायचंय.

पायरी तुझीच आहे, केव्हाही चढ,
नाना


नशिराबाद,
२४ डिसेंबर २०२४

चि. समीक्षाले मोठ्या आईचा जय भीम.

आठे बठ्ठं बरं शे, आम्ही दोघं मजेत आहोत. माझं अक्षर चौथीपर्यंतचं, सांभाळून घे.

रविवारी मळ्यात कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायला घातली आणि मी रोजच्यासारखी नानांसमोर बसले. तर त्यांनी माझ्या दंडाला धरून मला उठवलं, बहिणींच्या मधोमध नेऊन बसवलं आणि परत जाऊन एकटेच बसले. मला वाटलं, माझं काही चुकलं. मी वळून वळून बघायची आणि ते हातानं मला तिकडंच तोंड कर म्हणून दटावायचे.

इतकी वर्षं दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडं नेलं. बहिणीनं विचारलं, तुझं काय चाललंय, तर तोंडातून शब्द फुटेना. मग एकदा सुरुवात झाली आणि थांबताच येईना. इतकं हसलो की प्रेमराज काय झालं म्हणून बघायला आला. नाना तिकडं कंटाळले असतील, पण जागचे हलले नाहीत.

परतताना गाडीत त्यांनी खुणेनं विचारलं, एवढं काय बोलत होतात. मी पण खुणेनंच सांगितलं, ते आमचं बायकांचं, तुम्हाला सांगायचं नाही. त्यांना मी काही सांगितलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. ते इतके हसले की ड्रायव्हरनं गाडी हळू केली.

तुझ्यावर जीव आहेच,
तुझी मोठी आई,
द्रौपदा