धावपटूचं रक्त

३ मार्च, मंगळवार
लघवीत रक्त सापडलं. डोळ्यांना दिसत नाही, म्हणे फक्त सूक्ष्मदर्शकातून दिसतं. म्हणजे किरकोळच. डॉ. परेरांना सांगितलं, काल बर्गरमध्ये बीट होतं. ते म्हणाले, बिटाने रंग येतो नेव्हिल, रक्तपेशी येत नाहीत. ते ऑस्ट्रेलियात, आमच्या येप्पून गावात नवीन आहेत. इथलं बीट त्यांना अजून माहीत नाही.

४ मार्च, सकाळी
अजिबात घाबरलेलो नाही. झोप लागली नाही ती उकाड्यामुळे.
कारण सापडलं! फार धावणाऱ्यांच्या लघवीत असं रक्त येतं. इंटरनेटवर आहे. मी दर शनिवारी किनाऱ्यावरच्या दौडीला असतो. क्लबाचा टी-शर्टसुद्धा आहे. ग्लेनिसला सांगितलं तर एवढी हसली की हातातला कप फुटला. बायकोला कौतुक नसतंच.

६ मार्च
डॉक्टर म्हणाले, शक्य आहे. तीन दिवस धावणं बंद, मग पुन्हा तपासू. तरीही रक्त आलं तर मूत्राशयात कॅमेरा घालून बघायचं. तो कुठून घालतात तेही सांगितलं. मी तत्काळ कडक विश्रांती सुरू केली.

७ मार्च, शनिवार
दौडीला गेलो नाही. शिस्त म्हणजे शिस्त. क्लबातून बॅरीचा फोन: अरे नेव्ह, आज स्टॉपवॉच कोण धरणार? सॉसेज कोण भाजणार? म्हटलं, शरीराला आराम देतोय. तो म्हणाला, कसला आराम, तू तर खुर्चीतच असतोस! जळतात लेकाचे.

१० मार्च
पुन्हा रक्त. एवढी विश्रांती घेऊन!
डॉक्टरांनी ग्लेनिसलाच विचारलं, हे किती धावतात? ती म्हणाली, रात्रभर धावतो, संडासाकडे. आणि तिथे नुसता उभा राहतो हो, बसची वाट बघत असल्यासारखा. डॉक्टरांनी ते मन लावून लिहून घेतलं. माझी अब्रू चव्हाट्यावर.
गाडीत मी रेडिओ मोठा केला. तो बंद करून ती म्हणाली, नेव्ह, कॅन्सर निघाला तर रे?  म्हटलं, वेडी आहेस का? मग कॅमेऱ्याला हो म्हणालो. फक्त तिच्यासाठी.

२४ मार्च
रॉकहॅम्प्टनच्या मोठ्या इस्पितळात कॅमेरा झाला. त्याबद्दल लिहिणार नाही.
मूत्राशय स्वच्छ. स्कॅनमध्ये मूत्रपिंडंही ठीक. कॅन्सर नाही! ग्लेनिस रडली. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं.
मग रक्त कुठून? तर प्रोस्टेटची ग्रंथी वाढलीय. मी तिथल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंना विचारलं, खेळाडूंना होतं का हो हे?
त्या म्हणाल्या, नाही आजोबा, वय झालं की होतं.